ठिपके न पुसलेलं कोलम

आयुष्यात मी एकाच विचाराचा प्रचार केला, आणि त्या प्रचाराचा पहिला समाधानी लाभार्थी होता इन्नंबूरचा एक भातशेतकरी. मी गावोगाव वाटलेल्या सीड्यांपैकी मूठभर त्याच्या हाती लागल्या होत्या. त्याने त्या दोऱ्याने बांधून शेतात टांगल्या. वाऱ्यावर त्या गरगरायच्या, उन्हात लखलखायच्या, आणि दाणे टिपायला आलेली पाखरं दचकून शेजाऱ्याच्या शेतात जायची. एकदा मला रस्त्यात पाहून तो मुद्दाम सायकलवरून उतरला.

"सार, माल फार चांगला आहे. अजून आहेत का?"

त्या सीड्यांत संगणक चालवण्याची एक पूर्ण प्रणाली होती. जगभरच्या कितीतरी लोकांनी लिहिलेली, कुणालाही घेण्याची, उघडून पाहण्याची, बदलण्याची आणि पुढे देण्याची मोकळीक असलेली. हे मी त्याला सांगणार होतो. पण तो इतका खूश होता, की घरी जाऊन उरलेल्याही आणून दिल्या.

आधी माझ्याबद्दल सांगायला हवं. आम्ही कुंभकोणचे मराठी. भोसल्यांच्या राज्यात पूर्वज इकडे आले ते परत जायचं विसरले. आम्ही घरात जे मराठी बोलतो ते ऐकून पुण्याचे पाहुणे एकमेकांकडे बघतात आणि मग फार हळू आणि मोठ्याने बोलू लागतात, जणू आम्हाला ऐकू कमी येतं. म्हणून या लेखातले संवाद इस्त्री करून देतो आहे. तसे ते निम्मे तमिळमध्ये झालेले आहेत.

धंदा म्हणाल तर टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात मुलगा मॅट्रिक झाला की त्याला टायपिंगला घालत, मुलगी झाली की तिलाही. माझ्याकडे ओळीने मांडलेली यंत्रं होती आणि सकाळपासून त्यांचा असा खडखडाट चाले, की समोरच्या कॉफी क्लबातली माणसं ऑर्डर खुणेने देत. मी शिकवत असे, पण माझा खरा जीव दुरुस्तीत. टाइपरायटरचं झाकण उचललं की सगळा संसार समोर दिसतो. कळ दाबली की कुठली दांडी उठते, कुठली स्प्रिंग ओढते. अडलं तर कुठे अडलं ते डोळ्यांना दिसतं. नीट लावता येतं, किंवा माझ्यासारख्याला आणखी बिघडवता तरी येतं. आपल्या वस्तूत हात घालण्याचा हक्क मला त्या वयात फार स्वाभाविक वाटत असे.

मग संगणक आले. पाटीवर मी 'टाइपरायटिंग'च्या पुढे 'अँड कॉम्प्युटर' हे शब्द रंगवून घेतले आणि त्या जोरावर एक डबा विकत आणला. डब्याचं झाकण मी पहिल्याच दिवशी उघडलं. आत काहीच हलत नव्हतं. जे काही चालायचं ते प्रोग्राममध्ये, आणि प्रोग्राम हे असं यंत्र, की ज्याचं झाकण कंपनीने वितळवून बंद केलेलं. चालतो तोवर चालवायचा, अडला की हात जोडायचे. हे मला लागून राहिलं.

नव्वदचं दशक अर्धंअधिक सरल्यावर तिरुच्चीच्या एका कॉलेजात एक सभा होती, तिथे गेलो. दाढी वाढवलेल्या एका तरुणाने तिथे सांगितलं, की झाकण न लावलेले प्रोग्रामही जगात आहेत. ते लिहिणारे आपलं लिखाण, म्हणजे प्रोग्रामची मूळ कृती, सोबतच देतात. अट एवढीच, की तुम्ही त्यात सुधारणा करून पुढे द्याल, तर ती सुधारणाही अशीच उघडी द्यायची. मी परतीच्या बसमध्ये मांडीवर सीड्यांचा गठ्ठा घेऊन बसलो होतो. बायको म्हणते, त्या दिवशी मी दारातून आत आलो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर दीक्षा घेतल्यासारखं तेज होतं आणि छत्री बसमध्ये राहिली होती.

त्यानंतर मी भाषणं देऊ लागलो. तिरुनीलक्कुडीच्या शाळेत दिलं, तिरुप्पनंदाळच्या वाचनालयात दिलं, कुंभकोणच्या भांडेवाल्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत दिलं. तिथे वड्यांची सोय होती म्हणून गर्दीही झाली. भाषणाच्या शेवटी मी सीडी हातात धरून म्हणायचो, "आणि याला एक पैसा पडत नाही!"

इथेच मी माती खायचो. तमिळमध्ये फुकटच्या मालाला ओसी म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना नाक थोडं मुरडावंच लागतं. पितळेच्या समया विकणारा एक व्यापारी मला बाजूला घेऊन आपुलकीने म्हणाला, "राव सार, ओसी माल देणारा पुढे काय मागेल सांगता येत नाही. तुम्ही मुलाबाळांचे. जपून असा."

दुसरी अडचण त्याहून मोठी. आमच्या गावात सगळेच प्रोग्राम फुकट होते. चोरीचे. मद्रासहून कुणी एक प्रत आणली की ती आठवड्याभरात कावेरी ओलांडून जायची. गल्लीतले एक वकील माझ्या प्रत्येक भाषणाला पहिल्या रांगेत बसत, वडा संपवत आणि उलटतपासणी घेत.

"रायरे," ते म्हणाले (आम्हा मराठी माणसांना इथे राव किंवा रायर म्हणतात), "मला एक सांगा. माझ्याकडचा प्रोग्रामही मला फुकट मिळाला. मग तुमच्यात वेगळं काय?"

"तुमचा चोरीचा आहे, वकीलसाहेब. हा दिलेला आहे."

"अहो, ज्याची चोरी होते त्याला किंमत असते. तुमची एक तरी सीडी आजवर कुणी चोरली का?"

सभा हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार, पक्षकार मीच आणि आरोपीही मीच.

घरी चंपाबाई, म्हणजे माझी बायको, हे ऐकून म्हणाली, "तुम्ही लोकांना झोपेतून उठवून सांगता, की ऊठ, तुला तहान लागली आहे. आधी तहान तर लागू द्या."

तहान लागली ती पंजू सारांना.

पंचापकेशन अय्यर, गावाचे पंजू सार, यांचा छापखाना आमच्या इन्स्टिट्यूटमागच्या रस्त्यावर. लग्नपत्रिका, पावत्या छापायचे, पण त्यांचा प्राण होता पंचांग. वडिलांनी सुरू केलेलं. आमच्याकडे चित्तिरै महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे तमिळ वर्षारंभाला, नवं पंचांग देवापुढे ठेवून वाचतात. आसपासच्या खेड्यांत, इन्नंबूर-तिरुनीलक्कुडीपर्यंत, ते पंजूंचंच. त्यांनी शिशाचे खिळे जुळवण्याचं काम सोडून संगणक घेतला होता, आणि तमिळ अक्षरजुळणीचा प्रोग्राम रीतसर विकत घेतला होता. गावात विकत घेणारे बहुधा ते एकटेच. त्या प्रोग्रामबरोबर अंगठ्याएवढं एक कुलूप यायचं. ते संगणकाच्या पाठीला लावलं तरच प्रोग्राम उघडायचा.

पोंगल उलटून गेला होता. एका दुपारी पंजू सार ते कुलूप तळहातावर घेऊन माझ्याकडे आले. मेलेलं पाखरू आणावं तसं.

"रायरे, वीज वरखाली झाली. हे गेलं."

"कंपनीला कळवलंत?"

"मद्रासला स्वतः जाऊन आलो. कंपनीच्या जागी आता ब्लाउजपीसचं दुकान आहे. दुकानदार भला माणूस, बसायला खुर्ची दिली. पण कुलूप त्याच्याकडे कुठलं?"

गेल्या साऱ्या वर्षांची पानं त्या प्रोग्रामच्या पोटात होती आणि पोट बंद होतं. नव्या वर्षाचं गणित गावच्या ज्योतिष्यांनी हाताने लिहून दिलेलं होतं, पण ते जुळवायचं कशात?

"एक वर्ष नाही निघालं तर?" मी विचारलं.

पंजू सार माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच ते कुलूप जाळलं होतं. "पलीकडच्या रस्त्यावर सौंदरराजन बसलाय ना. त्याचं पंचांग घराघरात जाईल. आणि पंचांग हे सुनेसारखं असतं, रायरे. एकदा उंबरा ओलांडून आत आलं की तेच घरचं होतं."

सौंदरराजन अय्यंगार हे दुसरे पंचांगवाले. या दोघांचं हाडवैर एकादशीवरून. पंजू स्मार्त, अय्यंगार वैष्णव. काही महिन्यांत दोघांची एकादशी एका दिवसाने पुढेमागे व्हायची आणि बाजारात एक उपाशीपोटी दुसऱ्या जेवलेल्याकडे बघायचा. मी माध्व, त्यामुळे माझं दोघांशीही जुळत नसे आणि दोघेही मला समभावाने चुकलेला मानत.

वकिलांनी तोडगा सुचवला. कुलूप फोडलेली प्रत मद्रासच्या बाजारात मिळते, मी आणवतो. पंजू सार ताडकन उठले. "या पुस्तकात लोक लग्नाचे मुहूर्त बघतात, वकील. ते मी चोरीच्या यंत्रावर छापू?"

मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही इतकी वर्षं गावभर बडबडत असता ते काय आहे, ते आता सांगा. हळू सांगा."

आणि गंमत बघा. इतकी भाषणं ठोकलेला मी, ऐकायला खरा माणूस समोर बसल्यावर घाबरलो. कारण माझ्या सीड्यांवर मी स्वतः तोवर चार ओळींच्या पत्रापलीकडे काही छापलेलं नव्हतं.

पण सामान होतं. सीडीत अक्षरजुळणीचा एक प्रोग्राम होता, तक्ते मांडण्यात पटाईत. त्याच्यासाठी तमिळ अक्षरं कुणीतरी बनवली होती, नॉर्वेत राहणाऱ्या, मूळ श्रीलंकेतल्या यालपाणच्या एका तमिळ माणसाने, तीही उघडी. माझ्या टायपिंगच्या वर्गातल्या परीक्षा झालेल्या मुलींना पंजू सारांनी रोजावर घेतलं. ते तिथी-नक्षत्रं ओरडून सांगायचे, मुली खडाखड उतरवायच्या. एकदा ते शिंकले ते एका मुलीने राहुकाळाच्या रकान्यात घातलं, असं चंपा सांगते. मी पाहिलेलं नाही.

पानं उमटू लागली. सरळ, देखणी. पंजू सारांनी पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"खुणा कुठे आहेत?"

तमिळमध्ये दिवस, महिना आणि वर्ष यांच्यासाठी तीन जुन्या खुणा आहेत. शेपटी ओढलेली वळणदार अक्षरं. रोजच्या लिखाणात त्या येत नाहीत, पण पत्रिका आणि पंचांग त्यांच्याशिवाय म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ. नॉर्वेच्या अक्षरांत त्या नव्हत्याच.

ती बनवणाऱ्यालाच लिहायचं ठरलं. ईमेल तेव्हा कुंभकोणला पोचलेली नव्हती. विजेच्या वेगाने जाणारं पत्र टाकायला मी बसने तंजावरला ओळखीच्या प्राध्यापकांकडे जायचो आणि उत्तर आलं का ते बघायला पुन्हा बसने जायचो. उत्तर आलं होतं. तमिळमध्ये, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. 'खुणा विसरलो, कारण गाव सोडल्यापासून पंचांग पाहिलेलं नाही. इथे माझ्यापाशी नमुना नाही. पण अक्षर कसं काढलं आहे ती कृती तुमच्याकडे आहेच. तुम्हीच काढा आणि मला पाठवा, मी सर्वांसाठी त्यात घालीन. आणि जमलं तर एक पंचांगही पाठवा.'

मी ते पंजू सारांना वाचून दाखवलं. 'सर्वांसाठी' हा शब्दसुद्धा वाचला. ते "हो हो" म्हणाले. बुडणारा माणूस दोरीचा ब्रँड विचारत नाही.

आता ती कृती. त्यात अक्षराचं चित्र नसतंच. ठिपके असतात. अमुक ठिपका इतका उजवीकडे, इतका वर, आणि लेखणी या ठिपक्यावरून निघून त्याला वळसा घालून तिकडे जाते, असं लिहिलेलं. मी खूप प्रयत्न केले. माझी वर्षाची खूण कधी गोगलगायीसारखी उमटे, कधी लोंबलेल्या कानासारखी. चंपा कॉफी घेऊन आली आणि खांद्यावरून डोकावली.

"हे कोलम आहे," ती म्हणाली.

कोलम म्हणजे आमच्याकडची दारातली रांगोळी, तांदळाच्या पिठाची. आधी ठिपक्यांची जाळी घालायची आणि मग हात न उचलता ठिपक्यांना वळसे देत एकच रेघ फिरवायची. चंपाने मंदिराच्या उत्सवातल्या स्पर्धांत त्याची बक्षिसं मिळवली आहेत. नम्रता हा गुण देवाने तिला दिला नाही, पण त्याची तिला कधी गरजही पडली नाही. "तुम्ही वळण बघून ठिपके शोधताय," ती म्हणाली. "ठिपके आधी. सरका."

भर दुपारी तिने दारातला रस्ता धुतला, जुनं पंचांग उघडून पायरीवर ठेवलं आणि पिठाने चांगली हातभर लांबीची वर्षाची खूण काढली. मी ओट्यावर बसून पट्टीने ठिपके मोजून लिहून घेत होतो. कोलम ही पहाटेची गोष्ट. मध्यान्ही कोलम बघून शेजारच्या मामी धावत आल्या.

"अगो चंपा, काय झालं? कुणी येणार आहे का?"

"वर्ष येणार आहे, मामी. त्याच्यासाठी काढतेय."

मामींनी माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. माझ्या डोक्याबद्दल त्यांना आधीपासूनच चिंता होती.

तीनही खुणा झाल्या. मी ठिपके भरले, पान छापलं, धावत पंजू सारांकडे नेलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग शांतपणे म्हणाले, "रायरे, वर्ष शीर्षासन करतंय."

चंपा रस्त्यात उभी राहून घराकडे तोंड करून काढत होती. मी ओट्यावरून रस्त्याकडे तोंड करून मोजत होतो. कोलम तिच्या बाजूने सुलटं, माझ्या बाजूने उलटं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही एकाच गोष्टीकडे समोरासमोरून बघतो हे मला त्या दिवशी छापील स्वरूपात कळलं. पण कृती आमच्या हातात होती. पाचर मारून बंद केलेलं काही नव्हतं. सगळे ठिपके वरचे खाली, उजवीकडचे डावीकडे केले, आणि वर्ष पायांवर उभं राहिलं.

पंगुणी, म्हणजे चित्तिरैच्या आधीचा महिना, संपायच्या आत पंचांग बाजारात आलं. चित्तिरैच्या पहिल्या दिवशी देवळात ते वाचलं गेलं तेव्हा पंजू सार खांबाला टेकून उभे होते. लोक पाऊसपाण्याचं भाकीत ऐकत होते. ते आणि चंपा फक्त खुणा बघत होते.

मग हळूहळू एक गोष्ट घडू लागली. लोक इन्स्टिट्यूटमध्ये येऊन 'ते पंचांगवालं' मागू लागले. प्रणालीचं खरं नाव कुणाला नको होतं. समयांचा व्यापारी आला, ज्याने मला जपून राहायला सांगितलं होतं. वकीलही आले, म्हणाले, "यात कुणी काही चोरलेलं नाही ना? मग माझ्या ऑफिसात घाला, मुलगा न्यायाधीश व्हायचं म्हणतोय." ओसी हा शब्द कुणी काढला नाही. यात आपल्या चंपाबाईंनी काढलेली अक्षरं आहेत, एवढं त्यांना पुरे होतं. दिलेल्या वस्तूवर विश्वास न ठेवणारी माणसं, आपण जिच्यात हात घातला त्या वस्तूवर लगेच ठेवतात. माझी भाषणं वाया गेली असं मात्र मी म्हणणार नाही. नाहीतर पंजू सार ते मेलेलं कुलूप घेऊन कुणाच्या दारात गेले असते? भाषणांनी कुणाचं मत बदललं नसेल, पण दार कुठे आहे ते गावाला ठाऊक झालं होतं.

एवढ्यात सौंदरराजन अय्यंगार माझ्याकडे आले. तेही मागच्या दाराने. त्यांचा प्रोग्राम त्याच कंपनीचा, आणि त्यांचंही कुलूप आता उघडायला कुरकुरत होतं. पुढच्या वर्षाच्या पंचांगाची त्यांना आजच धास्ती. घाम पुसत म्हणाले, "राव, मला ठाऊक आहे तुम्ही त्यांचे. पण ती अक्षरं..."

खुणा नॉर्वेला अजून गेल्या नव्हत्या. पंजू सार "पाठवू, पाठवू" म्हणत टाळत होते, आणि का ते मला कळत होतं. मी आणि चंपा त्यांच्या छापखान्यात गेलो आणि सरळ सांगून टाकलं, की अय्यंगार आले होते.

ते लाल झाले. "माझी अक्षरं? त्याला?"

"सार, कबूल केलं होतं आपण. घेताना."

"घेताना मी बुडत होतो!"

"आता ते बुडताहेत," मी म्हणालो.

"बुडू दे. एकादशीचं पुण्य आहे ना त्याच्याकडे, तरंगेल."

चंपा शाईच्या डब्यावर बसली होती. "मामा," ती म्हणाली, "माझ्या दारातलं कोलम बघून गल्लीतल्या बायका ठिपके मोजून नेतात. मी काय दारावर तिकीट लावू? आणि पहिली खूण मी कुठून काढली? तुमच्या वडिलांच्या पंचांगातून. त्यांनी खिळे कुणाचे बघून पाडून घेतले होते?"

पंजू सारांची नजर वर गेली. छापखान्यात भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता. खरं तर त्याच फोटोच्या चौकटीत कोपऱ्याला आणखी एक म्हातारा बसलेला होता, कपाळावर वैष्णवांचा उभा नाम ओढलेला. सौंदरराजनचे वडील. एकेकाळी दोघांचा छापखाना एकच होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे विसरल्याचं दाखवत. पंजू सारांनी उपरण्याने त्या चौकटीची काच पुसली, कोपऱ्यापर्यंत. मग त्यांनी कपाटातून नव्या पंचांगाची एक कोरी प्रत काढली, तिला हळद लावली आणि माझ्या हातात दिली.

"ही नॉर्वेला टपालाने पाठवा. खुणाही पाठवा."

"आणि अय्यंगारांना?"

"द्या. अक्षरं द्या, खुणा द्या, सगळे ठिपके द्या. छपाईला अडला तर तुमच्या मुलींनाही पाठवा." ते उठले, दारापर्यंत आले आणि रस्त्यावर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "पण रायरे, एकादशी विचारायला आला, तर सांगू नका. ती त्याची त्यालाच चुकू द्या."